तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात, हे आपल्यापैकी अनेक ग्राहकांना ठाऊक असेल. मात्र या किल्ल्यांचा आणखी एक जुडगा असतो, हे फारसे कोणाला माहीत नसते. तो लाखेची मोहर लावून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो. त्याची पावती येते, नोंदवहीत नोंद होते आणि ठरावीक काळाने तो बाहेरही काढला जातो. पस्तीस वर्षांच्या सेवेत त्या जुडग्याची खरोखर गरज पडल्याचा प्रसंग माझ्यावर एकदाही आला नाही. तरीही या रिवाजात कधी खंड पडला नाही.

पुढे संगणक आले. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ सालच्या अहवालानंतर बँकांच्या यांत्रिकीकरणाला गती मिळाली आणि नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेतील जाडजूड खतावण्या एकेक करून कपाटात गेल्या. तेव्हा किल्ल्यांचाच रिवाज नव्या रूपात सुरू झाला. रोज सायंकाळी दिवसभराच्या व्यवहारांची प्रत चुंबकीय फितीवर घेतली जाई. एक फीत शाखेत राही, दुसरी शाखेबाहेर जाई. ती दुसरी फीत जागेवर पोहोचविण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते.

इतके सारे असूनही माझ्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. त्याचीच ही हकिगत आहे. आपल्यापैकी एखाद्याच्या घरातील असाच अंधार तिने दूर झाला, तर ती सांगण्याचा हेतू सफल झाला असे मी समजेन.

एक्केचाळीस ध्वनिमुद्रणे

निवृत्तीनंतर मी बडोद्यास स्थायिक झालो. आई अखेरची काही वर्षे आमच्याकडे होती. तिचे बालपण कोकणातील एका लहानशा खेड्यात गेले होते. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांच्या हिवाळ्यात, दुपारच्या जेवणानंतर तिला गच्चीवरच्या उन्हात बसवून मी तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. जात्यावरच्या ओव्या, फणसाच्या साठांची कृती, पावसाळ्यात होडीतून केलेला माहेरचा प्रवास, कोणाचे कोण लागते याचा लांबलचक हिशेब, असे बरेच काही त्यात होते. एकूण ४१ ध्वनिमुद्रणे झाली. ती सारी मी माझ्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर ठेवली. आणि केवळ तेथेच ठेवली.

२०१६ मध्ये आई गेली. २०१९ साली तिच्या तिथीला सारी भावंडे आमच्याकडे जमणार होती. त्या निमित्ताने सर्वांना तिचा आवाज ऐकवावा, असे मनात होते. त्याच्या साधारण पंधरा दिवस आधीपासून संगणकाच्या पेटीतून एक बारीक आवाज येऊ लागला होता. टक्, टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्. जुन्या घड्याळाचा ताल चुकावा तसा. फाइल उघडण्यास वेळ लागे, कधी पडदा निळा होऊन संगणक आपोआप बंद पडे. वय झाले बिचाऱ्याचे, असे म्हणून मी दुर्लक्ष केले.

तिथीच्या दोन दिवस आधी ध्वनिमुद्रणांचा कप्पा उघडेना. मग मी घाबरून जे जे केले, ते सारे चुकीचे होते. संगणक चार-पाच वेळा बंद करून पुन्हा सुरू केला. त्यातीलच डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा देऊन तो रात्रभर चालू ठेवला. सकाळी पाहतो तो तपासणी अकरा टक्क्यांवर अडकलेली आणि डिस्कचा आवाज वाढलेला. दुपारी एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले. त्याने डिस्क पाहून निर्विकारपणे सांगितले, “काका, फॉरमॅट करून देतो, नव्यासारखी होईल.” नव्यासारखी म्हणजे रिकामी, हे माझ्या ध्यानात येण्यास क्षणभर लागला.

पुण्यास माझी एक भाची संगणक क्षेत्रात काम करते. तिला दूरध्वनी केला. माझे बोलणे पुरते ऐकून न घेताच ती म्हणाली, “मामा, आधी तो बंद करा. वायर काढून ठेवा. आणि आता कोणालाही हात लावू देऊ नका.”

आत नेमके काय घडते?

आपण ज्या वस्तूवर इतका भरवसा टाकतो, तिची रचना समजून घेतली, तर भाचीच्या सल्ल्यामागील कारण उलगडते.

जगातील पहिली विक्रीस आलेली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीच्या ‘रॅमॅक’ या संगणकात १९५६ साली बसविण्यात आली. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्यांच्या त्या यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात मावत होती ५० लाख अक्षरे. आज तळहातावर मावणारी एक टेराबाइटची डिस्क त्याच्या सुमारे दोन लाख पट मजकूर साठविते. आकार घटला, क्षमता अफाट वाढली. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले.

हवेपासून जवळजवळ बंदिस्त अशा डबीत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. घरगुती संगणकात या चकत्या सामान्यतः मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. साडेतीन इंची डिस्क ७,२०० फेऱ्यांनी फिरत असता तिच्या चकतीची बाहेरील कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. या धावत्या पृष्ठभागावर वाचन-लेखन करणारे इवलेसे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगते. त्यांतील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे धुळीचा एक कणही तेथे डोंगराएवढा का ठरतो, ते कळते.

धक्का बसला, वीज अवेळी गेली किंवा झीज झाली, तर हे हेड बिघडते अथवा चकतीस घासते. बिघडलेल्या हेडला आपली जागा सापडत नाही. ते पुनःपुन्हा मूळ स्थानी परतते आणि नव्याने शोध घेते. ‘टक् टक्’ असा जो आवाज येतो, तो बहुधा या निष्फळ येरझाऱ्यांचा असतो. घासलेल्या चकतीवरील चुंबकीय थर खरवडला गेला, तर त्या भागातील माहिती कायमची नष्ट होते. जगातील कोणतीही प्रयोगशाळा ती परत आणू शकत नाही. म्हणूनच अशा डिस्कचा चालू असलेला प्रत्येक मिनिट हा उरलेल्या माहितीच्या जिवावर बेततो. मी तर ती रात्रभर चालू ठेवली होती.

पूर्वसूचना मिळते का?

पुष्कळदा मिळते. हार्ड डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वतःवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. खराब झालेले किती सेक्टर डिस्कने बाजूला काढले आणि किती सेक्टर वाचता येत नाहीत, याची ती नोंद ठेवते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत आज्ञावलीच्या साहाय्याने ही नोंद कोणासही पाहता येते. या खात्यांतील आकडा शून्यावरून वाढू लागला, तर तो आजाराचा पहिला ताप समजावा.

गूगलच्या संशोधकांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. याच अभ्यासाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या नोंदींत चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. याचा अर्थ असा, की सूचना मिळाली तर तिचे ऐकावे. न मिळाली म्हणून निश्चिंत राहू नये.

उत्पादकांच्या माहितीपत्रकात दहा-दहा लाख तासांचे सरासरी आयुष्य लिहिलेले असते. हिशेब केला तर ते ११४ वर्षे भरते! परंतु कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर वर्षी शंभरांतील दोन ते चार डिस्क बदलाव्या लागणे ही सर्रास आढळणारी गोष्ट असल्याचे दिसले. सरासरीचा आकडा हजारो डिस्क बाळगणाऱ्यास उपयोगी पडतो. आपल्या घरी एकच डिस्क असते, आणि ती एक तर चालते किंवा बंद पडते.

संकट आलेच तर

भाचीने त्या दिवशी आणि पुढे वेळोवेळी जे सांगितले, ते येथे क्रमाने देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखावे. डिस्कचा आवाज नेहमीसारखा आहे, पण चुकून फाइल पुसली गेली किंवा कप्पा दिसेनासा झाला, तर माहिती बहुधा जागेवरच असते. अशा वेळी त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. माहिती परत मिळविण्याची आज्ञावलीसुद्धा तिच्यावर उतरवून घेऊ नये. याउलट टक् टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल, संगणकास डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही असे होत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे असे समजून वीजपुरवठा तोडावा.

आवाज येत नाही, पण संगणक मंद झाला आहे आणि चुकांचे संदेश येत आहेत, अशी मधली अवस्था असेल, तर वेळ दवडू नये. सर्वांत मौल्यवान असेल ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. चित्रपट, गाणी, आज्ञावल्या पुन्हा मिळू शकतात. घरातील छायाचित्रे, हिशेब आणि हस्तलिखिते मिळत नाहीत. जाणकार व्यक्ती अशा वेळी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिकृती करते. हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळते. पुढचे सारे प्रयोग त्या प्रतिकृतीवर करावेत. मूळ डिस्क बाजूला ठेवावी.

काय करू नये, याची यादीही तितकीच महत्त्वाची आहे. डिस्क ठोकू किंवा हलवू नये. शीतकपाटात ठेवण्याचा उपाय अजूनही कोणीतरी सुचवितो. त्याने आत दव धरून उरलीसुरली आशाही मावळते. डबी उघडून पाहू नये. आजारी डिस्कवर दुरुस्तीची किंवा फाइलींची फेरमांडणी करणारी आज्ञावली चालवू नये, कारण ती प्रत्येक सेक्टरला हात घालते आणि जागोजाग नवे लेखनही करते. फॉरमॅट तर मुळीच करू नये.

माहिती परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेत डिस्क द्यावयाची झाल्यास तपासणीनंतर खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, माहिती न मिळाल्यास किती आकार पडेल ते विचारावे आणि गोपनीयतेची हमी मागावी. आपल्या डिस्कवर पॅन व आधार कार्डांच्या प्रती, प्राप्तिकराची विवरणपत्रे, कदाचित संकेतशब्दांची यादीही असते. ही यादी डिस्कवर नसावी, हे उत्तम. असल्यास इंटरनेट बँकिंगचा संकेतशब्द त्याच दिवशी दुसऱ्या, विश्वासार्ह संगणकावरून बदलावा. दुरुस्तीच्या निमित्ताने कोणीही पिन किंवा ओटीपी मागितल्यास तो देऊ नये.

अवकाशातून पडलेली डिस्क

आमची डिस्क प्रयोगशाळेत गेली त्या काळात भाचीने मला धीर देण्यासाठी एक सत्यकथा सांगितली. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ अवकाशयान पृथ्वीवर परतताना भंगले आणि आपल्या कर्नालची कन्या कल्पना चावला हिच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या यानात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची माहिती ४०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर साठविली जात होती. अवशेषांत ती डिस्क सापडली. बाहेरचे सारे जळून विद्रूप झालेले होते. परंतु आतील चकत्या शाबूत होत्या. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्या धुऊन नव्या डबीत बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

चकतीवरचा थर शाबूत असला, तर किती वाचविता येते, हे यावरून समजते. आमच्या डिस्कचे दैव मात्र इतके बलवत्तर नव्हते. हेड बिघडले होतेच. शिवाय एका चकतीवर ओरखडेही उठले होते. तंत्रज्ञांनी धूळविरहित कक्षात त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसविले आणि जमेल तेवढे वाचून घेतले. पाच आठवड्यांनी निकाल हाती आला. एक्केचाळीसपैकी ३३ ध्वनिमुद्रणे पूर्ण, ३ मध्ये मध्ये तुटलेली, आणि ५ गेलेली. खर्च माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या जवळपास आला. त्याचे दुःख नाही. ज्या पंधरा दिवसांत तो आवाज ऐकू येत होता, त्या पंधरा दिवसांत कोणत्याही सायंकाळी अर्ध्या तासात सारी ध्वनिमुद्रणे मला एका साध्या पेन ड्राइव्हवर उतरविता आली असती, हे दुःख आहे.

तीन, दोन, एक

आता अनेक नव्या संगणकांत फिरत्या चकत्या नसलेल्या एसएसडी येतात. त्या वेगवान असतात आणि धक्क्याने सहजी बिघडत नाहीत. परंतु त्या टक् टक् करीत नाहीत. पुष्कळदा कोणतीही सूचना न देता एकाएकी मुक्या होतात. पुसलेली फाइल त्यांवरून परत मिळणेही अधिक अवघड असते. साधन बदलले, तरी सावधगिरी सुटत नाही.

त्यासाठी ‘तीन-दोन-एक’ हा नियम सांगितला जातो. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. हा नियम प्रथम ऐकला तेव्हा मला हसू आले. कारण लाखेची मोहर लावलेला जुडगा आणि शाखेबाहेर जाणारी ती फीत यांहून तो वेगळा नव्हता. आजही बँकेची माहिती मुख्य केंद्रात असते, तशीच दूरच्या दुसऱ्या शहरातील आपत्कालीन केंद्रातही असते.

घराबाहेरची प्रत मेघसंचयावर असू शकते, नातेवाइकांकडे असू शकते किंवा बँकेच्या लॉकरमध्येही. घरातील बॅकअपची डिस्क संगणकास कायम जोडून ठेवू नये. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही कुलूपबंद करतात. शासनाच्या २०१५ पासून सुरू असलेल्या ‘डिजिलॉकर’ सेवेतून अनेक अधिकृत दस्तऐवज पुन्हा मिळतात, खातेउताऱ्याची प्रत बँक देते. परंतु आपल्या कुटुंबाच्या आठवणींची दुसरी प्रत कोणतेही कार्यालय ठेवीत नाही. ती आपणच ठेवावयाची असते.

आणखी एक गोष्ट. प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. ती उघडून पाहावी. रोकड प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ‘बरोबर आहे’ अशी सही आम्ही कधी केली नाही. न उघडलेला बॅकअप ही न मोजलेली रोकड होय.

२०११ पासून ३१ मार्च हा दिवस ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. बँक कर्मचाऱ्यास हा दिवस वेगळ्याच कारणाने परिचित आहे! वर्षअखेरीच्या त्या धामधुमीची सवय अजून गेलेली नाही. त्यामुळे मी आता दर वर्षी त्या दिवशी घरातील माहितीचा ताळेबंद मांडतो. नवी प्रत घेतो, चार-दोन फाइली उघडून पाहतो, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक लहानशी डिस्क घेऊन शाखेतील लॉकरकडे जातो. दुसरी प्रत पुण्यास भाचीकडे असते.

गेलेल्या पाच ध्वनिमुद्रणांपैकी एकात आईने आपल्या माहेरच्या चार पिढ्यांची नावे सांगितली होती. कोणाचे लग्न कोणत्या गावी झाले, कोण मुंबईस गिरणीत गेले, कोण परत आलेच नाही, हे सारे त्यात होते. ती नावे सांगू शकेल असे आता कोणी उरलेले नाही. तिची होडीतील प्रवासाची आठवण मात्र पूर्ण मिळाली. गेल्या तिथीला आम्ही सर्वांनी ती ऐकली. ऐकून झाल्यावर धाकट्या भावाने विचारले, “दादा, याची एक प्रत मला देशील का?”

मी ती आधीच करून ठेवली होती.